शब्दचर्चा : बिननालाच्या घोड्याची खुरं – छाटणी, कापणी की साळणी?

लेखणी :
घोड्याला नाल न ठोकता ठेवायचं आणि त्याची खुरं ठरावीक दिवसांनी घासून-तासून आकारात राखायची, या विषयावरची, नावात «नैसर्गिक निगा» असलेली, एक पुस्तिका मराठीत आणते आहे. ती घोडेवाल्यांच्या हातात पडणार आहे, त्यामुळे परिभाषाकोशातले जड शब्द नकोत. अडलेले शब्द असे : बेअरफूट ट्रिमिंग (एकूण कामालाच काय म्हणायचं?), फ्रॉग (शब्दशः बेडूक), बार, व्हाइट लाइन, आणि खुराची कड गोलसर करण्याची क्रिया. तूर्त एक वाक्य असं झालं आहे : «तळवा सपाट होईपर्यंत कापा, बेडूक नीट छाटा, मग भिंतीची कड गोल करा.» हे चालेल का?

चंदी-खरारा :
नाही चालणार. यातल्या दोन सूचना तंतोतंत पाळल्या तर दुसऱ्या दिवशी घोडा खड्यावर पाय टेकणार नाही. म्हणून शब्दांआधी वस्तू बघू.

पाय उचलून खूर उलटं धरा. बाहेरून जी टणक कड दिसते ती भिंत. ती टाचेपाशी येते, तिथे संपत नाही, आत वळते आणि मधल्या गादीच्या दोन्ही अंगांनी पुढे जात हळूहळू तळव्यात मिसळते. या आत वळलेल्या भागाला बार म्हणतात. मध्ये रबरासारखी, त्रिकोणी, टोक पुढे असलेली गादी दिसते, तो फ्रॉग. गादीच्या दोन बाजूंना दोन घळी, गादीच्या मधोमध एक उथळ खळगा. उरलेला सगळा खोलगट भाग म्हणजे तळवा.

तळवा मुळात वाटीसारखा खोलगट असतो. तो सपाट करायचा म्हणजे वाटीचे काठ खरवडून तिला ताट करायचं. निरोगी खुरात तळव्याची जाडी साधारण 15 मिलिमीटर असावी असं धरतात. 10 च्या खाली गेली की घोडा खडीवर चोरून पाय टाकतो. आणि त्या जाडीच्या लगेच आत जिवंत, रक्ताळ भाग असतो, त्यापलीकडे हाड. वाक्यातला «कापा» तिथपर्यंत नेऊन सोडतो.

शब्द म्हणाल तर साळणे. शेळ्या-गाईंच्या वाढलेल्या खुरांसाठी «खुरं साळणे», «खुरसाळणी» हे आज रोज वापरात आहे, पशुसंवर्धनाच्या लेखांतही येतं. साळण्यात पातळ पदर काढत जाणं आहे, एका घावात तुकडा पाडणं नाही. छाटणी फांदीची, कापणी पिकाची, साळणी खुराची.

मोडीवाचक :
«बेअरफूट»साठी «अनवाणी» मात्र सोडू नका. वहाण हा शब्द संस्कृत उपानह्‌पासून आला, आणि अनवाणी म्हणजे वहाणेशिवाय. दुसरीकडे नाल हा अरबी «नअल», त्याचा मूळ अर्थच पायातलं पायताण. म्हणजे नाल काढलेला घोडा अक्षरशः अनवाणी. «अनवाणी साळणी» ऐकायला नवं वाटेल, पण अर्थाला चोख आहे.

एक सावधगिरी. जुने कागद वाचून कुणी पुस्तिकेत नालबंदी शब्द वापरायला सांगेल. आज नालबंदी म्हणजे नाल ठोकणं आणि नालबंद म्हणजे ठोकणारा. मराठेशाहीच्या कागदात मात्र शिलेदाराला, म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणाऱ्या स्वाराला, आगाऊ दिलेल्या रकमेलाही नालबंदी म्हणत. तिथे «नालबंदी दिली» याचा अर्थ कुणाच्या घोड्याला नाल मारली असा होत नाही. बैलांच्या पायाला ठोकतात ती पत्री. बैलाचं खूर दुभंगलेलं, म्हणून प्रत्येक पायाला दोन वेगळे तुकडे. घोड्याच्या खुराला पत्री म्हणू नये. संस्कृतात हा भेद स्वच्छ आहे : खुराला शफ, आणि घोडा-गाढव हे एकशफ प्राणी.

पशुवैद्य :
एकशफ शब्द काढलात ते बरं झालं, कारण त्यावर एक व्यवहाराची गोष्ट अवलंबून आहे. लाळ्या-खुरकूत दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांचा रोग, घोड्याला तो होत नाही. तरी पाय दुखणाऱ्या घोड्याला «खुरकूत झाली» म्हणतात आणि गुरांचे उपचार सुरू होतात. पुस्तिकेत घोड्याच्या कुठल्याही आजाराला खुरकूत शब्द लावू नका.

फ्रॉगला पुतळी म्हणा. हिंदुस्तानी सायसांच्या (घोड्याची निगा राखणाऱ्या नोकरांच्या) बोलीत «पुतली» आहेच, आणि तबेल्यांत हिंदी-मराठी सरमिसळ असल्याने तो शब्द लगेच कळतो. बेडूक लिहिलंत तर वाचणारा तळव्यात गाठ शोधेल.

मोडीवाचक :
बेडूक अगदीच परका नाही, हे नोंदवून ठेवतो. संस्कृत कोशांत मंडूक या शब्दाला घोड्याच्या खुराचा तळ असाही अर्थ दिलेला सापडतो. ग्रीकांनीही याच अवयवाला बेडकाचं नाव दिलं, आणि त्यांच्यातल्या झेनोफोन या लेखकाने पाकोळीचं, बहुधा दुभंगलेल्या शेपटीच्या आकारावरून. जर्मन त्याला किरण म्हणतात, फ्रेंच जेवणातला छोटा काटा. ज्याला जे दिसलं ते. पण मराठीत आज बेडूक लिहिल्यास शब्दशः भाषांतरच वाटेल, पुतळीला माझं अनुमोदन.

याच झेनोफोनचा, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला, सल्ला पुस्तिकेच्या कामाचा आहे : तबेल्याबाहेर चार-पाच गाड्या भरून मुठीएवढे गोल दगड पसरा, खरारा होताना घोडा त्यावर उभा राहू द्या. तेव्हा खिळ्यांनी ठोकायची नाल त्यांच्याकडे नव्हती, खूर घडवण्याची भिस्त जमिनीवरच होती.

लेखणी :
पुतळी घेतली. बारला काय? «दांडी», «पट्टी» लिहून पाहिलं, दोन्ही वेगळी वस्तू जोडल्यासारखी वाटतात.

चंदी-खरारा :
बरोबर हेरलंत. बार वेगळी वस्तू नाहीच, भिंतच वळलेली आहे. करंजीची कड आत दुमडतो तिला आपण मुरड म्हणतो, तोच शब्द इथे बसतो : टाचेची मुरड. वाचणाऱ्याला न सांगता कळतं की ही भिंतीचाच भाग आहे, खोदून काढायची नाही. मुरड तळव्याच्या पातळीला आणायची, फार तर केसभर वर. वाढून तळव्यावर आडवी पडली असेल तर तेवढीच उचलून काढायची. मुरड खणून काढली की टाच आवळत जाते, कारण तिला आतून तोलणारं काही राहत नाही.

पशुवैद्य :
«पांढरी रेघ» या शब्दाने तर फार गोंधळ केला आहे. भिंतीचा आतला, रंग नसलेला थर पांढरा असतो. त्याच्या आत, भिंत आणि तळवा जोडणारी जी अरुंद रेघ, ती पिवळसर, मेणाच्या रंगाची. व्हाइट लाइन म्हणतात ती हीच. पांढरं शोधणारा शिकाऊ भिंतीच्या पोटावर बोट ठेवतो आणि मोजमाप चुकवतो. तुम्ही सरळ पिवळी रेघ किंवा सांधरेघ लिहा. मी सांधरेघ निवडेन, कारण तिचं कामही त्यात येतं.

या सांध्याची गंमत आतून कळते. भिंतीच्या आतल्या अंगाला उभे पदर असतात, साधारण 550 ते 600, आणि प्रत्येकाला पुन्हा शे-दोनशे बारीक पदर. हाडाच्या बाजूचे पदर त्यात गुंतलेले असतात. जनावराचं सगळं वजन त्या गुंतण्यावर टांगलेलं असतं. लॅमिनायटिसमध्ये, म्हणजे या पदरांच्या आजारात, हे पदर सुटतात, हा वाक्प्रयोग मी मुद्दाम सुचवतो. सांधरेघ रुंद झाली, तिच्यात माती, रक्ताचे लालसर डाग दिसले, की पदर ताणले जात आहेत. कारण बहुतेक वेळा चाऱ्यात असतं : जास्तीची चंदी (दाणा), गूळ, पोळ्या, एकदम मिळालेलं कोवळं गवत. अशा घोड्याच्या एकूण खाण्यात साखर आणि पिष्ट मिळून 10 ते 12 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात, म्हणजे गूळ आणि चंदी बंदच. खूर गरम लागतं, घोट्याच्या मागची नाडी ठणठण उडते, घोडा पुढचे पाय पुढे टाकून वजन मागे घेतो. ही लक्षणं दिसली तर कानस खाली ठेवा आणि डॉक्टर बोलवा.

लेखणी :
आणि पाचवा शब्द, कड गोल करणं?

चंदी-खरारा :
धार मारणे. धार लावणं नव्हे, कड तिरपी घासून बोथट करणं. सुतार फळीची धार मारतो ना, तसंच. इथेच नालबंदाची साळणी आणि अनवाणी साळणी वेगळ्या होतात, त्यामुळे जरा सविस्तर.

नालबंदाला नाल बसवायला सपाट बैठक हवी, म्हणून तो भिंत सगळीकडून एका पातळीत करतो आणि धार तशीच राहते, कारण जमिनीला लोखंड लागणार असतं. तेवढंच करून नाल ठोकली नाही तर तो घोडा नुसता नाल काढलेला, अनवाणी साळलेला नव्हे. आठवड्या-दोन आठवड्यांत त्या उभ्या धारेचे टवके उडतात, आणि मग «आमच्या घोड्याला नालेशिवाय चालत नाही» असा निष्कर्ष निघतो.

अनवाणी साळणीचा क्रम असा. खूर टाचेकडून पुढे उकरून साफ करा. तळव्यावरचा खडूसारखा भुसभुशीत थर चाकूने आपसूक सुटेल तेवढाच काढा, खाली मेणचट, चकचकीत थर दिसला की थांबा. आता घळी बघा. पुतळीच्या टोकाजवळ घळीचा तळ आतल्या जिवंत भागापासून जवळपास ठरावीक अंतरावर असतो, त्यामुळे तिथे घळ उथळ दिसली तर तळवा पातळ आहे आणि चाकू लावायचा नाही. मग भिंत कानशीने तळव्याच्या वर मिलिमीटर-दोन मिलिमीटर राहील इतकी खाली आणा. टाच लांबली असेल तर तिला पुतळीच्या सर्वांत रुंद जागेच्या दिशेने मागे न्यायचं, पण दोन-तीन खेपांत, एकाच दिवशी नाही, नाहीतर मागच्या स्नायुबंधावर ताण येतो. शेवटी पुढच्या अर्ध्या भागाला साधारण 45 अंशांत धार मारा. पदर जिथे पसरले असतील तिथे ती सांधरेघेच्या बाहेरच्या काठापर्यंत न्या, म्हणजे भिंतीला जमिनीकडून मिळणारा झटका संपतो. पसरलेली भिंत बाहेरून वरपर्यंत घासून सडपातळ करायचा मोह आवरा, खालच्या एक तृतीयांश भागाच्या वर जायचं नाही. सुंदर दिसतं, पण भिंत कागदासारखी होते.

पुतळीला चाकू जवळजवळ नकोच. लोंबणाऱ्या चिंध्या आणि घाण अडकवणारे कोपरे तेवढे काढा. ती जमिनीला लागली पाहिजे, जाड राहिली पाहिजे.

काम झाल्यावर घोडा कडक जमिनीवर चालवून बघा. निदान आधीइतका तरी मोकळा चालला पाहिजे. आखडला तर जास्त साळलं, इतकं सरळ आहे. पाय टेकताना टाच आधी येते का तेही बघा. टोक आधी येत असेल तर टाचेत दुखतंय, बहुतेक वेळा सडलेल्या पुतळीमुळे.

मोडीवाचक :
«नैसर्गिक निगा» याबद्दलही दोन शब्द. पुस्तिकेच्या नावात तो शब्द आहे म्हणून. ही चळवळ अमेरिकेत जेमी जॅक्सन या माजी नालबंदाने 1980 च्या दशकात मस्टँग या रानटी घोड्यांची खुरं पाहून पुढे आणली. पुढे ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात ब्रायन हॅम्प्सन आणि क्रिस पोलिट यांनी मोकाट ब्रम्बी घोड्यांची खुरं तपासली तेव्हा त्यांतही आजारी खुरं पुष्कळ निघाली, कडक वाळवंटी भागातल्या घोड्यांत पदरांचे बिघाडसुद्धा. तेव्हा नैसर्गिक म्हणजे निर्दोष असं वाचकाला वाटू देऊ नका. «बिननाल निगा» हे नाव जास्त प्रामाणिक आहे.

पशुवैद्य :
सहमत. आणि सह्याद्रीतला पाऊस हाही निसर्गच आहे. चिखल-लिदीत उभ्या घोड्याच्या पुतळीची मधली खळगी चीर बनते, काळा पाझर येतो, वास नाकात बसतो. याला पुतळी सडणे म्हणा. बोळ्याने कोरडं पुसून औषध चिरेच्या तळापर्यंत पोचलं पाहिजे, वरून ओतून उपयोग नाही. मोरचुदाचे खडे किंवा फॉर्मलिन उघड्या मांसाला लावू नका, भाजतं आणि घोडा पुढच्या वेळी पाय देत नाही. उभं राहायची जागा कोरडी केल्याशिवाय कुठलंच औषध टिकत नाही.

माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे मोटारींना बंदी आणि बरीच ओझी घोड्यावर, तिथे पुस्तिकेने घाईने नाल काढायला सांगू नये. भिंत महिन्याला 6 ते 10 मिलिमीटर वाढते. रोजच्या दगडी उतारावर झीज त्याहून जास्त झाली तर खूर पुरणार नाही. टोकाकडची भिंत केसांपासून जमिनीपर्यंत नव्याने यायला 9 ते 12 महिने लागतात, आणि तोवर खडीवर खुराचे बूट घालावे लागतील. हे वाचकाला आधीच सांगा.

लेखणी :
खूप आभार. सुधारलेलं वाक्य : «तळव्याचा भुसभुशीत थर तेवढा काढा, पुतळीच्या चिंध्या साफ करा, मुरड तळव्याच्या पातळीला आणा, भिंत तळव्याच्या किंचित वर राखून पुढच्या बाजूला धार मारा. हे दर दोन महिन्यांनी करा.»

चंदी-खरारा :
शेवटचं वाक्य बदला. दोन महिने नालेच्या घोड्याचा हिशोब आहे. अनवाणी घोड्याला चार ते सहा आठवडे. पावसाळ्यात माती मऊ असते, झीज होत नाही, तेव्हा चारच धरा. आणि «पुढच्या बाजूला»ऐवजी «पुढच्या अर्ध्या भागाला» लिहा, नाहीतर लोक फक्त टोकाला धार मारतील आणि टवके दोन्ही अंगांनी उडतील.