उष्टं : भाषांतरात अडलेला शब्द

एका मराठी कथेचं इंग्रजी करतेय. नौपाड्यात माझ्या टेबलावर एक वाक्य चार दिवस तसंच पडून आहे : 'नातू उठला तशी आजीने त्याचं उष्टं ताट पुढे ओढलं आणि त्यातच आपला भात वाढून घेतला.' 'लेफ्टओव्हर' घालून पाहिलं. पण ते नुसतं उरलेलं झालं, डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवतात ते. उष्ट्याला कोणाचं तरी तोंड लागलेलं असतं, आणि ते कोणाचं हे घरात माहीत असतं. 'हाफ-ईटन' म्हटलं तर ताट उंदराने कुरतडल्यासारखं वाटतं. काय करावं?

– मूळ शब्द 'उच्छिष्ट', म्हणजे शब्दशः उरलेलंच की! आणि तोंड हवंच असंही नाही. नवरदेवाची उष्टी हळद नवरीकडे जाते, तिला कोण चावलंय?

– खरकट्याशी गल्लत नको. खरकटं भांड्याला, ओट्याला, हाताला चिकटतं. पुसलं की गेलं, त्याला मालक नसतो. आता 'उष्ट्या हाताने कावळा हाकत नाही' यातला हात खरं तर खरकटाच, पण म्हणीला कोण विचारणार! (ती इंग्रजीत नेऊन दाखवा कोणी. शितं उडतील म्हणून चिक्कू माणूस हात हलवत नाही, हे समजावेपर्यंत कावळा उडून गेलेला असतो.)

– शेजारच्या भाषांत हे अडत नाही. हिंदी जूठा, गुजराती एठुं, कन्नड एंजलु. तमिळ एच्चिल म्हणजे तर थुंकीसुद्धा. ऐरोलीला आमच्या मजल्यावर यातल्या तीन भाषा आहेत, आयांचा ओरडा मात्र एकच : बाटलीला तोंड लावू नकोस, वरून पी.

– मग 'उष्टं' तसंच ठेवा ना. ओमप्रकाश वाल्मीकींच्या 'जूठन' या हिंदी दलित आत्मकथनाचं इंग्रजी भाषांतर 2003 मध्ये आलं, त्यात शीर्षक 'जूठन'च ठेवलंय.

तिथे ठेवलं ते योग्यच. पण ते जूठन पत्रावळीवरून गोळा करायची पाळी जातीने आणली होती. माझ्या कथेतल्या आजीने ताट स्वतः ओढून घेतलंय. शब्द तोच, दिशा उलटी. ते पुस्तक वाचलेला वाचक इथेही अपमानच शोधेल. शिवाय एका ताटासाठी तळटीप द्यायची म्हणजे जेवण थांबवून व्याख्यान.

सध्या 'हिज प्लेट, ॲज ही हॅड लेफ्ट इट' असं केलंय. सात शब्द गेले, आणि विटाळाची छटा सांडली ती सांडलीच. पण भात त्याच ताटात पडतो.

पुढच्याच पानावर मुलं सदऱ्याच्या टोकात गुंडाळून कैरी फोडताहेत, चिमणीच्या दातांनी, म्हणजे ती उष्टी होत नाही. त्यासाठी उद्या परत येतेय.