मदत हवी आहे: उघड्या पिकअपमधलं साउंड-लाइटचं सामान चोरीपासून कसं वाचवावं?

मंडळी, डिचोली तालुक्यात आमचा साउंड-लाइटचा धंदा आहे. लग्नं-मुंजी असतातच, पण खरा सीझन दिवाळीनंतर, जत्रा सुरू झाल्या की. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, इथे देवळाच्या जत्रेला गावातली हौशी मंडळी मराठी नाटक करतात. ते रात्री उशिरा उभं राहतं आणि पडदा पडेपर्यंत कोंबडं आरवायची वेळ होते. लोक घरी जातात तेव्हा आमचं दुसरं काम सुरू होतं: उतरवा, गुंडाळा, भरा, निघा.

गाडी बोलेरो पिकअप. नऊ फुटी उघडा हौदा, तिन्ही बाजूंचे फाळके पडणारे, वर ताडपत्री आणि नायलॉनची दोरी. गेल्या सीझनला काणकोणहून परतताना फोंड्याच्या अलीकडे चहाला थांबलो. गाडी नजरेसमोर होती, पण नजरेसमोर होती ती केबिन. मागून कोणीतरी ताडपत्री ब्लेडने फाडली आणि पॉवर केबलचं अख्खं वेटोळं व रंगमंचावरचे एलईडी पारचे (गोल डब्यासारखे) चार दिवे नेले. दिव्यांचं एवढं नाही. केबल फोर कोअर, म्हणजे आत चार तारांची, तांब्याची होती, जनरेटरपासून रंगमंचापर्यंत जाणारी. चोर ती भंगारात किलोवर विकणार, आम्हाला मात्र मीटरवर घ्यावी लागते. पोलिसांत तक्रार दिली आहे.

आता माझी खरी अडचण. सामान उतरवायचा क्रम आमच्या हातात नसतो. माईक, मिक्सर, अँप्लिफायरचे रॅक आधी निघतात, मग स्पीकर, मग दिवे, मग ट्रस, म्हणजे दिवे टांगायचा पाइपांचा सांगाडा. पॉवर केबल सगळ्यात शेवटी, कारण ती काढली की काळोख. म्हणजे चोराला सगळ्यात हवी असलेली वस्तू दर वेळी हौद्यात सगळ्यात वर आणि मागच्या फाळक्याला टेकून येते. पहाटे चार वाजता दमलेल्या पोरांना "पुन्हा सगळं काढून केबल तळाशी घाला" असं सांगून बघा.

वर पत्र्याचं बंद कव्हर बसवावं, असं सगळेच सुचवतात. पण ट्रसचे पाइप दहा फुटी, ते आजही फाळक्याबाहेर येतात. नाटकाचे फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या रंगवलेल्या चौकटी, उभे न्यावे लागतात. शिवाय मे महिन्यात हीच गाडी घरच्या काजू-आंब्याला जाते. इसुझू व्ही-क्रॉससारख्या गाड्यांना तयार हार्डटॉप आणि गुंडाळणारी झाकणं मिळतात, पण आमच्या हौद्याच्या मापाचं तसं काही मला सापडलेलं नाही. गाडीत एक माणूस कायम बसवावा म्हणाल, तर तोही माणूसच, तोही झोपतो.

तेव्हा विचारायचं ते असं. हौदा उघडाच ठेवून निदान केबल, मिक्सर आणि छोटे दिवे कुलुपात राहतील असं काही कोणी केलंय का? ते दोन मिनिटांत उघडलं-लावलं गेलं पाहिजे, नाहीतर आठवड्यात पोरं त्याचा नाद सोडतील. आणि पावसात, समुद्राकाठच्या हवेत टिकलं पाहिजे. मोरजी-हरमलच्या कार्यक्रमांना वापरलेली साधी कुलपं आमच्याकडे गंजून बसली आहेत.

— साखळीचा साउंडवाला

प्रतिसाद: खिळेमोळे

माझं फॅब्रिकेशनचं काम आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अख्खा हौदा बंद करायच्या फंदात पडू नका. केबिनच्या मागे हौद्याच्या पूर्ण रुंदीची पेटी करून घ्या, उंची केबिनच्या काचेखालीच ठेवा. ट्रसचे पाइप पेटीच्या वरून जातील, म्हणजे लांबी वाया जात नाही. चौकटीला अँगल, बाहेरून चेकर्ड प्लेट किंवा जाड पत्रा. झाकण वरून उघडणारं अजिबात नको. वर पाइप आले की ते उघडणार कसं? दार डाव्या बाजूला द्या, फाळका पाडला की समोर येईल असं. केबल शेवटी येते ना? मग ती मागून टाकायचीच नाही, बाजूने पेटीत सरकवायची. तुमचा क्रम बदलायला नको.

आता चोर कुठे घुसतो ते बघा. सगळे कुलपाची काळजी करतात, आणि तो बिजागरीची पिन ठोकून काढतो. बिजागऱ्या आतल्या बाजूला घ्या किंवा पिनेची दोन्ही टोकं वेल्ड करा. पेटी हौद्याला बोल्टने बसवाल तेव्हा नट पेटीच्या आत आले पाहिजेत. बाहेरून फक्त गोल डोक्याचा बोल्ट दिसावा, ज्याला पाना लागत नाही. हौद्याच्या खालूनही एकदा वाकून बघा. बऱ्याच जणांचे नट तिथे उघडे लोंबत असतात.

कुलूप लोंबतं ठेवू नका. कोयंड्याभोवती पाइपचा तुकडा वेल्ड करून त्याच्या आत कुलूप बसवलं की बोल्ट कटरचे जबडे आत शिरत नाहीत. हे केलं की पितळी कुलूप आणि स्टेनलेस कडीसुद्धा चालते. स्टेनलेस कापायला कडक पोलादापेक्षा सोपं असतं हे खरं, पण तिथपर्यंत हात तर पोचायला हवा, आणि खाऱ्या हवेत पितळ-स्टेनलेसच टिकतं. कुलपात तेल ओतू नका, धूळ धरतं. ग्रॅफाइटची पूड घाला. दाराच्या वर पत्र्याची पागोळी काढा आणि तळाला दोन भोकं ठेवा, नाहीतर पाणी आत साचून मिक्सर चोराआधी पावसानेच न्यायचा.

प्रतिसाद: कागदपत्रे

मी विम्याचं काम बघतो. दोन-तीन गोष्टी.

गाडीचा पॅकेज विमा गाडीचा असतो, तुमच्या हौद्यातल्या सामानाचा नाही. सामानासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते, आणि ती घेताना "गाडी सोडून गेल्यास" असं काही कलम आहे का ते सही करण्याआधी वाचा. बहुतेकदा बंद आणि कुलूपबंद जागेतून, मोडतोड होऊन झालेली चोरीच धरली जाते. ताडपत्री फाटली ही मोडतोड, यावरून वाद घालत बसायची वेळ येऊ शकते. पेटीचं मोडलेलं कुलूप दाखवणं सोपं.

बंद बॉडी न करण्याचं आणखी एक कारण. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसी बुकातल्या नोंदीशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. उघड्या हौद्याची बंद बॉडी केली की नोंद बदलावी लागते. पेटीबद्दलही आरटीओत आधी विचारा, आणि पासिंगच्या वेळी बोल्ट काढून उतरवता येईल अशीच करा.

तक्रारीचं म्हणाल, तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत माल वाहून नेणाऱ्या वाहनातून केलेली चोरी कलम 305 मध्ये येते. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, साध्या चोरीपेक्षा जास्त. तक्रारीत "गाडीतून चोरी" असं स्पष्ट लिहिलंय ना ते बघा. आणि प्रत्येक मिक्सर-अँप्लिफायरच्या सिरीयल नंबरचा फोटो आजच काढून ठेवा. नंबर नसेल तर सापडलेला माल तुमचा हे ठरवणार कोण?

प्रतिसाद: तिसरी घंटा

पात्रांव, आम्ही नाटकवाले, तुमच्यासारख्यांच्याच गाडीतून फिरलेले. फुकटातला एक उपाय. चहाला थांबताना गाडी उलटी लावा, मागचा फाळका भिंतीला चिकटवून. भिंत नसेल तर दुसऱ्या गाडीच्या बंपरला. उजवी-डावी बाजू उरते, ती हॉटेलच्या दिव्याकडे.

केबलला दर दोन हातांवर तुमचा रंग मारा, भडक पिवळा-जांभळा कसलाही, आणि त्यावर धंद्याचं नाव. साल सोलून तांबं काढायचं म्हटलं तरी वेळ जातो, आणि न सोलता घेणारा भंगारवाला जरा विचार करेल.

धागाकर्ता: साखळीचा साउंडवाला

सगळ्यांचे आभार. बाजूच्या दाराची कल्पना डोक्यातच आली नव्हती, मी इतके दिवस झाकणावरच अडून होतो. आज फाळका पाडून माप घेतलं. केबलचं मोठं वेटोळं आडवं घातलं तर बसतं, पण मग मिक्सरच्या केसला जागा उरत नाही. मिक्सर तसाही हलका, तो केबिनमध्ये सीटमागे जाईल.

खिळेमोळे, दोन शंका. अँपचे रॅक पेटीबाहेरच राहणार. त्यांच्या हँडलमधून प्लास्टिकचं आवरण असलेला वायर रोप ओवून तो पेटीच्या आतल्या कडीत अडकवला तर? म्हणजे एकाच दारात सगळं आटपेल. आणि पेटी, पाइप, माणसं मिळून पुढच्या भागावर वजन जास्त होतंय असं वाटतं का? अनमोडचा घाट उतरताना ब्रेकवर काही फरक पडणार असेल तर पत्रा पातळ घेईन. कळवा, वेल्डरकडे रविवारी जायचंय.

प्रतिसाद: खिळेमोळे

वायर रोप चालेल, पण पेटीत शिरतो त्या भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाची धार झाकणारी रिंग, लावा, नाहीतर पत्र्याच्या धारेने आवरण सोलेल. कटरने तो तुटतो, हे गृहीत धरा. पण कटर घेऊन आलेला आणि जाता जाता हात मारणारा, हे दोन वेगळे लोक. तुमच्याकडे दुसरा आला होता.

वजनासाठी पत्रा पातळ करू नका, पेटीची खोली कमी करा. दीड फूट पुरे. अवजड रॅक पेटीला चिकटवून न रचता मागच्या चाकांच्या वर येतील असे ठेवा. पेटी बसवल्यावर गाडी भरून एकदा वजनकाट्यावर घाला.