कॉम्प्युटर बंद पडला की पहिला फोन एएमसीवाल्यालाच का? अर्धा तास आधी आपण बघायला काय हरकत आहे?

वागळे_लेबलवाला
आमचं ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये लेबल छापायचं छोटं युनिट आहे, सहा कॉम्प्युटर, दोन साधे प्रिंटर, एक बारकोडचा आणि हिशोबाचं टॅली, एवढाच पसारा. माझं म्हणणं सरळ आहे, काहीही अडलं की लगेच एएमसीवाल्याला, म्हणजे वर्षाच्या देखभालीचं कंत्राट दिलेल्या माणसाला, फोन लावायची जी सवय आपल्याला लागलीय ती मोडली पाहिजे. पहिला अर्धा तास आपण बघायचं, जे दिसलं ते वहीत लिहायचं, आणि मग गरज असेल तर फोन.

का म्हणतोय ते सांगतो. मागच्या वर्षी एका महिन्याच्या ९ तारखेला, म्हणजे जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरायची ११ तारीख तोंडावर, बिलिंगच्या पीसीवर बँकेची साईट उघडेना, जीएसटीचं पोर्टल उघडेना, सगळीकडे लाल त्रिकोण आणि कनेक्शन प्रायव्हेट नाही. टॅली व्यवस्थित चालू, बाजूच्या पीसीवर सगळं उघडतंय. एएमसीच्या मुलाने रिमोट घेतला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल. मारला. डेटा कॉपी करा, टॅली परत टाका, डीएससीचा (डिजिटल सहीचा) ड्रायव्हर टाका, प्रिंटर टाका, अख्खा दिवस गेला आणि वर १५०० रुपये, कारण फॉरमॅट एएमसीत धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तोच त्रिकोण.

तेव्हा पहिल्यांदा मी स्वतः खुर्ची ओढून बसलो. खाली उजव्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०१५. एवढंच. मदरबोर्डवरचा गोल सेल, सीआर २०३२, संपला होता. आम्ही रात्री मेन स्विच पाडून घरी जातो, म्हणजे रात्रभर बोर्डाला करंट नाही आणि घड्याळ चालवणारा सेल मेलेला, मग सकाळी तारीख मागे जाणारच. प्रत्येक साईटच्या सर्टिफिकेटला पासून-पर्यंत अशी मुदत असते, मशीनला वाटतंय २०१५ चालू आहे, म्हणून ते बँकेचं सर्टिफिकेट मानायलाच तयार नाही. गोखले रोडवरून ४० रुपयांचा सेल आणला, पिन काढून मशीन उघडलं, जुना काढला, नवा बसवला, तारीख लावली. दहा मिनिटं.

त्या दिवसापासून दोनशे पानी वही घातली. तारीख, मशीन नंबर, काय दिसलं, त्याच्या आधी काय बदललं होतं, काय केलं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. बारकोड प्रिंटर अधूनमधून ऑफलाईन जायचा, दोन महिन्यांच्या नोंदी बघितल्या तर प्रत्येक वेळी शनिवार सकाळ. आमची सुट्टी शुक्रवारची, सगळं बंद असतं, शनिवारी राऊटर चालू झाला की जो आधी उठेल त्याला तो पहिला मोकळा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा नंबर, देऊन टाकतो, प्रिंटरचा नंबर बदलतो आणि पीसी जुन्या नंबरवर कागद पाठवत बसतो. राऊटरमध्ये प्रिंटरचा नंबर कायमचा बांधून टाकला, विषय संपला. हे कुठल्या इंजिनिअरला एका व्हिजिटमध्ये दिसलं असतं सांगा, तो शनिवारी येऊन स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्राम) रिस्टार्ट करून जायचा.

कोपरखैरणे_हार्डवेअर
दादा, मी या लाईनमध्ये चौदा वर्षं आहे, नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात रबाळे, महापे, तुर्भे इथली युनिटं सांभाळतो, म्हणून मनापासून सांगतो. तुमच्याकडे आलेला मुलगा चुकलाच, तारीख न बघता फॉरमॅट म्हणणं हे कामच नाही. पण त्यावरून सगळ्यांनी आधी स्वतः करून बघा असं सांगू नका, माझ्यासमोर झालेलं सांगतो.

एका कारखान्यात टॅलीवाल्या पीसीतून टकटक आवाज यायला लागला आणि विंडोज उघडायला दहा मिनिटं घ्यायला लागली. मालकाच्या पुतण्याने व्हिडिओ बघितला आणि चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं टूल, लावलं, रात्रभर. हार्ड डिस्कचं हेड मरायला टेकलेलं असताना तिला सगळ्या सेक्टरवरून फिरवलं, सकाळी डिस्क दिसेचना. पहिल्या टकटकीला मशीन बंद करून मला फोन केला असता तर मी डिस्क काढून आधी कॉपी घेतली असती, बाकी सगळं नंतर. डेटा रिकव्हरीवाल्याने जे सांगितलं त्यात दोन नवे पीसी आले असते आणि तरी अर्धा डेटा मिळाला. त्यांनी तीन वर्षांच्या खरेदीच्या एन्ट्र्या फायलींमधली बिलं काढून हाताने परत मारल्या.

दुसरं, ग्राहकाचंही बघा. वर्षाला एका पीसीचे हजार-बाराशे देतात, त्यात मी ट्रान्स हार्बरची लोकल पकडून येणार, विंडोज क्रॅक केलेली, यूपीएसची बॅटरी चार वर्षं बदललेली नाही, आणि फोन येतो २० तारखेला संध्याकाळी सहाला, जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचंय म्हणून. घाईत माणूस फॉरमॅटच मारणार, कारण ते हमखास होतं. शोधायला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे कोणी देत नाही.

रबाळे_टूलरूम
कोपरखैरणेंशी शंभर टक्के सहमत. माझं काम डाय बनवायचं आहे. मी अर्धा तास राऊटरमध्ये डोकं घातलं तर तेवढ्या वेळात व्हीएमसी, म्हणजे धातू कापायचं मशीन, नुसतं उभं राहतं. चांगला माणूस शोधा, त्याला नीट पैसे द्या.

वागळे_लेबलवाला
@रबाळे_टूलरूम, तुमचं व्हीएमसी अलार्म देऊन थांबलं तर ऑपरेटर अलार्म नंबर न बघता कंपनीला फोन लावतो का? आधी नंबर बघतो, हवेचं प्रेशर बघतो, कूलंट बघतो. मी तेवढंच म्हणतोय.

@कोपरखैरणे, टकटकीचं पटलं आणि ते आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहितो, आवाज आला तर बंद करा, हात लावू नका. पण घाईत फॉरमॅट हमखास होतं हे मी मानणार नाही. माझं तर झालंच नाही ना. रोग तसाच राहिला आणि वर विंडोज नवीन.

नौपाडा_अकाउंट्स
मी नौपाड्यात एका डिस्ट्रिब्युटरकडे अकाउंट्स बघते. दोघांचंही वाचलं पण एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये. ‘आपण’ बघायचं म्हणजे नक्की कोणी बघायचं? आमच्याकडे तो आपण म्हणजे मी. एकदा प्रिंटरचा अडकलेला कागद काढला आणि स्पूलरच्या फोल्डरमधल्या फाईल उडवून प्रिंट चालू करून दिली, तेव्हापासून सगळ्या ऑफिसचं आयटी माझ्या गळ्यात. वायफाय गेलं ताई बघा, मेल जात नाही ताई बघा, मालकांच्या मुलाचा लॅपटॉप ताई बघा. मी जीएसटीआर-२बी, म्हणजे पोर्टलवरची सप्लायरच्या बिलांची यादी, जुळवत असते, शंभर सप्लायरची बिलं एकेक करून, मधेच उठले की कुठे होते तेच कळत नाही, परत वरून सुरू. घरी जायला साडेआठ होतात. पगार अकाउंटंटचाच. आणि काही बिघडलं तर तुम्हीच हात लावला होता ना, हे ऐकायचं.

वागळेंची वही मला आवडली, खरंच, चौथा रकाना तर फारच. पण ती वही लिहिणाऱ्या माणसाला तेवढा वेळ कामातून मोकळा काढून द्या आणि त्याचे पैसे द्या. तुम्ही मालक आहात, स्वतः बसलात, छान केलंत. बहुतेक ठिकाणी मालक बसत नाही.

न्हावाशेवा_क्लिअरिंग
मी दोघांच्या मधे नाही, सरळ वागळेंच्या विरोधात आहे, आणि कारण वेगळं आहे. तुम्ही सगळे बंद पडणाऱ्या मशीनबद्दल बोलताय. मी २०१७ ला क्लिअरिंगच्या ऑफिसात होतो. २७ जूनला नॉटपेट्या नावाचा व्हायरस आला तेव्हा जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या ग्रुपचं टर्मिनल बसलं, कंटेनरची कामं हाताने करायची वेळ आली. असल्या गोष्टीत अर्धा तास बघू म्हणालात तर त्या अर्ध्या तासात ते बाकीच्या पाच मशीनवर गेलेलं असतं. स्क्रीनवर पैसे मागणारा मेसेज दिसला किंवा फायलींची नावं बदललेली दिसली की लॅनची वायर उपटायची आणि जाणकाराला बोलवायचं. वही नंतर.

त्याच प्रकरणात पुढे छापून आलं होतं की मर्स्कचे जगभरचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारे सर्व्हर, पुसले गेले आणि घानामधला एकच वाचला, कारण तिथे नेमकी लाईट गेलेली होती, मशीन नेटवर्कवर नव्हतं. त्यावरून त्यांनी सगळं परत उभं केलं. आता आपल्याकडे बघा, बॅकअपची हार्ड डिस्क चोवीस तास पीसीला लावलेली. रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, तिलाही लॉक करतं. माझ्या ओळखीतल्या महाप्याच्या एका ऑफिसात अगदी हेच झालं, घरून टॅली बघता यावं म्हणून कोणीतरी राऊटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे बाहेरून पीसी चालवायची वाट, उघडा ठेवला होता, पासवर्ड कंपनीचं नाव आणि १२३.

कोपरखैरणे_हार्डवेअर
@न्हावाशेवा, तो पोर्ट बऱ्याचदा आमच्याच लाईनमधली माणसं उघडतात हे मला कबूल करायला हवं. मालक म्हणतो मला घरून पाहिजे, आत्ताच्या आत्ता पाहिजे, व्हीपीएन (बाहेरून आत यायची सुरक्षित वाट) लावायला वेळ आणि पैसे नको असतात, मग पोरगा पोर्ट उघडून मोकळा होतो.

@नौपाडा_अकाउंट्स ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. माझ्या प्रत्येक क्लायंटकडे तुमच्यासारखं एक माणूस असतंच आणि खरं सांगतो, माझं निम्मं काम त्याच माणसामुळे सोपं होतं. ‘चालत नाही’ असा फोन आला तर मला काही कळत नाही. ‘काल संध्याकाळी अपडेट आलं आणि आज सकाळपासून फक्त लेझर प्रिंटरवरच प्रिंट जात नाही’ असं कोणी सांगितलं की अर्ध्या वेळा फोनवरच मिटतं.

वागळे_लेबलवाला
@नौपाडा ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. आमच्याकडे सुरुवातीला मीच लिहायचो पण गेले चार महिने डिस्पॅचचा मुलगा लिहितोय, आणि मी त्याला त्याबद्दल एक रुपया वाढवून दिलेला नाही हे तुम्ही लिहिल्यावर लक्षात आलं. पहिल्या पोस्टमध्ये मी ‘आपण बघायचं’ असं लिहिलं ते चुकीचं होतं. या महिन्यापासून त्याला वेगळे पैसे आणि रोज सकाळी साडेनऊ ते दहा डिस्पॅचचं काम नाही, त्याच्याशी आज बोललो.

@न्हावाशेवा, डिस्क लावलेली ठेवायची नाही हे मान्य. आमच्या दोन डिस्क आहेत, एक ऑफिसात कपाटात, एक माझ्या घरी, दर गुरुवारी सुट्टीच्या आधी अदलाबदल. पण कपाटातल्या डिस्कमध्ये खरंच डेटा आहे का हे वर्षभर कोणी बघितलं नव्हतं. वही घातल्यावर एकदा बसून दुसऱ्या पीसीवर रिस्टोर करून बघितलं, तर टॅलीचं १०००० नंबरचं फोल्डर येत होतं म्हणजे जुनी, बंद केलेली कंपनी, आणि चालू कंपनीचं १०००३ त्यात नव्हतंच. बॅकअप लावून देणाऱ्याने पहिल्या दिवशी जे फोल्डर दिसलं ते दाखवून ठेवलं होतं आणि रोज न चुकता हिरवी टिक येत होती. ते आम्ही बघितलं म्हणून कळलं. त्यामुळे व्हायरस आला तर वायर काढून जाणकाराला बोलवा, बरोबर, पण जाणकाराने लावून दिलंय म्हणून डोळे मिटून राहू नका, यावर मी ठाम आहे.

रबाळे_टूलरूम
हे फोल्डरचं वाचून उठलो आणि आमच्याकडे बघितलं. बॅकअपची शेवटची तारीख फेब्रुवारीतली आहे. त्यानंतर डिस्क भरली होती म्हणून नवीन काही गेलंच नाही. आमच्या माणसाला मी नीट पैसे देतो, दर महिन्याला येतो सुद्धा. त्याला फोन केलाय, तो उद्या सकाळी येतोय, यावेळी मी बाजूला बसणार आहे.

नौपाडा_अकाउंट्स
@वागळे, त्या मुलाला अजून एक द्या. कुठला लॉगिन कोणाच्या मोबाईलवर ओटीपी मागतो त्याचं पान. आमच्याकडे एकदा गाडी भरून गेटवर उभी, ई-वे बिल (माल नेताना लागणारं) काढायचं तर ओटीपी मालकांच्या फोनवर, मालक विमानात. नंतर पोर्टलवर माझ्या नावाचा सब-युजर काढून घेतला, आता ओटीपी माझ्याच नंबरवर येतो. बाकी तुमच्या वहीच्या एका पानाचा फोटो टाकता येईल का, रकाने कसे पाडलेत ते बघायचंय, सोमवारी मालकांसमोर ठेवते.