‘आलो तर किती स्टार?’ मुलांना बक्षिसाची सवय लावावी की नाही?

डिचोलीचा बाप:
गणेश चवथीआधीच्या रविवारची गोष्ट. आमचे बाबा माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर रानातल्या फळांची जी छत्री बांधतात तिचं, सामान आणायला रानात निघाले होते. चिरंजीव दुसरीत आहेत. गेल्या वर्षी हाच मुलगा पहाटे पाचला उठून, चपला घालून दारात बसला होता. यंदा पांघरुणातूनच विचारतो, “आलो तर किती स्टार?” बाबांना काही उमगेना. त्यांना वाटलं नाताळचा स्टार मागतोय. म्हणाले, “डिसेंबरात आणूया रे!”

झालंय असं. वर्गात भिंतीवर एक तक्ता आहे. गृहपाठ केला, रांगेत उभा राहिला, जेवणानंतर ताटली धुतली की नावापुढे चमकीचा स्टार. दहा झाले की शुक्रवारी चॉकलेट. बघून आम्हालाही हुरूप आला आणि तसलाच तक्ता घरच्या फ्रिजवर लावला. ताट उचललं, एक. दप्तर भरलं, एक. आजीला पाणी दिलं, एक. खोटं कशाला बोलू, पहिला महिना घर स्वर्ग होतं. आता स्टार नसेल तर ताट जागचं हलत नाही. परवा आजीने पाणी मागितलं तर तिलाच म्हणाला, “आधी आईला सांग, लिहायला.”

शाळेला सांगून हा प्रकार बंद करायला लावावा असं माझं मत झालंय. तुम्हाला काय वाटतं?

फळाखडू:
मी सत्तरी तालुक्यातल्या प्राथमिक शाळेत शिकवते. राग मानू नका, पण मुलाने आजीकडे स्टार मागितला हा दोष वर्गातल्या तक्त्याचा नाही, तो फ्रिजवर नेणाऱ्यांचा आहे.

माझ्याकडे एका खोलीत पहिली ते चौथी बसतात. चौथीला भागाकार सांगत असते तेव्हा पहिलीवाले काय करत असतील, डोळ्यांपुढे आणा. माध्यान्ह आहाराची घंटा झाली की सगळे एकदम धावायचे, पातळ भाजी पायावर सांडायची, रोज कुणीतरी रडायचं. आधी ओरडून पाहिलं. मग रांगेला स्टार सुरू केले. दोन आठवड्यांत रांग लागली. आता मधल्या सुट्टीत मी स्वतः दोन घास खाऊ शकते, ही चैन वाटत असेल तर वाटू दे.

छडी गेली ते उत्तमच झालं. गोव्यात बालक कायदा २००३ चा आहे, शाळेत मारायला त्यात साफ बंदी आहे. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने देशभर तेच सांगितलं. पण छडी काढून घेतली त्या हातात काय द्यायचं, हे कुणी सांगितलं नाही. आम्ही आपापल्या परीने शोधतो. कुणाला स्टार सापडतो, कुणाला गाणं.

पेडण्याचा म्हातारा:
आमच्या वेळी ना स्टार ना चॉकलेट. मास्तरांकडे चिंचेचा फोक होता. पाढे तीस पर्यंत आजही पाठ आहेत.

खाजेवाली:
@पेडण्याचा म्हातारा, पाढे पाठ आहेत हे खरं, आजोबा. पण मास्तर दिसले की वाट बदलून जायचात की नाही, तेही सांगा.

पेडण्याचा म्हातारा:
जायचो. फेस्ताच्या गर्दीतसुद्धा.

मार्कर:
ह्या विषयावर एक जुना प्रयोग आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट ह्या तिघांनी केलेला, १९७३ साली छापून आलेला. मुळात चित्रं काढायची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी तारा आणि रिबिन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना कबूल काही केलं नव्हतं, चित्र झाल्यावर अचानक दिलं. काहींना दिलंच नाही. एकदोन आठवड्यांनी ते रंगीत पेन वर्गात नुसते ठेवून दिले आणि कोण आपणहून हात लावतं ते पाहिलं. ज्यांना आधी कबूल केलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रांत रमली. अचानक मिळालं होतं त्यांची गोडी मात्र कमी झाली नाही.

म्हणजे घात नुसत्या बक्षिसाने होत नाही, “हे केलंस तर ते देईन” ह्या सौद्याने होतो. आणि तोही जे मूल आवडीनं करतंच आहे त्याच्यावर सौदा लादला की. माटोळीसाठी रानात जाणं, कांगण्या शोधणं, चिबूड डोक्यावर घेऊन मिरवत येणं, ह्याला कुणी दर लावतं का! डिचोलीच्या ह्या बापाच्या घरी तोच दर लागला.

माझं मत: शाळेतही बंद करा. कुठे लावायचा आणि कुठे नाही, हा विवेक रोजच्या धबडग्यात कुणाकडून होत नाही.

फळाखडू:
@मार्कर, प्रयोग छान आहे, पण तो चित्रांचा आहे. रांगेत उभं राहायची मुळातून आवड असलेलं एक तरी मूल मला दाखवा. नसलेली गोडी कमी कशी होणार? आणि ते अचानक द्यायचं प्रकरण म्हणाल तर, पहिलीतल्या मुलांना अचानक एकदाच देता येतं. दुसऱ्या दिवशी सगळी हात पुढे करून उभी असतात.

नरकासुर मंडळ:
बक्षिसाने गोडी जाते म्हणता, तर आमच्या वाड्यावर या. दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्यांच्या स्पर्धेला रोख बक्षीस लागल्यापासून पोरं महिनाभर आधीच गवत, कागद, खळ घेऊन बसतात.

मार्कर:
बसतात. आणि ज्या वर्षी स्पर्धा नसते त्या वर्षी?

नरकासुर मंडळ:
…छोटा करतात.

चिंचोका:
फोंड्याहून लिहितेय. लिहू की नको करत होते.

माझ्या मुलाला एका जागी बसणं जमत नाही. लाडाने नव्हे, डॉक्टरांनी तपासून सांगितलेलं आहे. “शहाण्यासारखा वाग” ह्या वाक्याचा त्याला अर्थच लागत नाही. “परीक्षेत चांगले मार्क आण, सायकल घेऊ” हे तर त्याच्यासाठी पुढच्या जन्मातलं. डॉक्टरांनी औषधाच्या आधी आम्हा आईबापांनाच शिकवलं: एक वेळी एकच गोष्ट घ्या, अगदी नेमकी सांगा, आणि झाल्या क्षणी दाद द्या.

आम्ही बूट घेतले. सकाळी बालरथ, म्हणजे शाळेची बस, यायच्या आत दोन्ही बूट पायात असले की बरणीत एक चिंचोका. पाच झाले की संध्याकाळी बाबांबरोबर नदीवर. चॉकलेट नाही, फक्त बाबा. आणि एक नियम डॉक्टरांनी बजावून सांगितला होता, मिळवलेला चिंचोका कुठल्याही रागात परत घ्यायचा नाही. हा नियम पाळताना माझीच परीक्षा झाली. एकदा त्याने डाळीचं पातेलं उलटं केलं तेव्हा बरणीपर्यंत गेलेला हात मी मागे घेतला.

मे महिन्याच्या सुट्टीत बरणी मागे पडली. जूनमध्ये शाळा उघडली, बूट पायात होते. बरणीची आठवण मलाच झाली, त्याला नाही. म्हणून बक्षीस म्हणजे लाच असं सरसकट बोलणाऱ्यांचा मला राग येतो. ज्याचा पाय मोडलाय त्याच्या काठीला कुणी लाच म्हणत नाही.

पण फळाखडू टीचर, तुमच्याशीही माझं भांडण आहे. मुलाच्या वर्गात असाच तक्ता होता. पालक सभेला गेले तर सगळ्यांच्या नावापुढे चमचम आणि माझ्या मुलाची ओळ कोरी. एक आई दुसरीला बोटाने दाखवत होती. मुलाने विचारलं, “आई, माझं नाव खोडता येईल?”

खाजेवाली:
शिक्षण हक्क कायद्यात नुसती मारायला नाही, मानसिक छळालाही बंदी आहे. हा छळच की!

फळाखडू:
छळ हा शब्द फार मोठा आहे ताई. दिवसभर एकोणीस मुलं सांभाळून बघा, मग कलमं काढा. बाकी चिंचोका ताई, तुमच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या तक्त्यावरही अशी एक ओळ आहे. मी तिच्याकडे “प्रयत्न करत नाही” म्हणून बघत होते.

मार्कर:
मॉन्टेसोरीबाई १९३९ मध्ये भारतात आल्या, बरीच वर्षं राहिल्या. त्यांच्या पद्धतीत शिक्षा नाही तसं बक्षीसही नाही. मूल कामात रमलं की दोन्हींची गरज उरत नाही, असं त्यांचं म्हणणं.

फळाखडू:
त्यांच्या खोलीत लाकडी साधनांची कपाटं होती, बाब. माझ्याकडे एक गळकं छप्पर आणि एक फळा. त्या फळ्याचाही अर्धा भाग चौथीच्या भागाकाराने अडवलेला.

डिचोलीचा बाप:
बरंच ऐकून घेतलं. फ्रिजवरचा तक्ता काल रात्री काढला. सकाळी चिरंजीवांनी मोकळं दार बघितलं आणि पहिला प्रश्न, “माझे सात झाले होते. त्यांचं काय?” बायको म्हणाली, त्याचं बरोबर आहे, शब्द आपण दिला होता. एक चॉकलेट आणून हिशेब चुकता केला. आज ताट उचललं नाही. मी उचललं, काही बोललो नाही.

माटोळीला तो शेवटी गेला होता, हे सांगायचं राहिलं. चुलतभाऊ निघाला म्हणून गेला. येताना सुपारीचा घोस खांद्यावर होता आणि तो बांधताना खालून हुकूम सोडत होता, “थोडा डावीकडे, आजोबा.” त्या वेळी स्टारचं नाव नव्हतं.

शाळेला सांगावं की नाही, अजून ठरत नाही.

फळाखडू:
सांगा. पण पालक सभेत सगळ्यांसमोर नको, टीचरना एकटं गाठून सांगा. मी सोमवारी भिंतीवरचा तक्ता उतरवून वहीत नेतेय. ज्याची त्याची ओळ ज्याला त्याला. स्टार मात्र बंद करत नाही, रांग मोडेल.

चिंचोका:
त्या कोऱ्या ओळीला आधी एकच सोपी गोष्ट द्या. बूट चालतील.