सोसायटीच्या बोर्डावर लावायला आरोग्याची खात्रीची माहिती कुठून आणायची? (नाशिक)

पाथर्डीफाटा_वहिनी

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. आमच्या सोसायटीत ६४ फ्लॅट आहेत आणि यावर्षी कमिटीत मी आहे, म्हणजे कोणीच तयार नव्हतं म्हणून मला ढकललं. गेल्या पंधरा दिवसांत बी विंगमधे दोन मुलांना डेंग्यू निघाला आणि तेव्हापासून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जो काही धुमाकूळ चाललाय तो विचारू नका. एकजण म्हणतो पपईच्या पानांचा रस, दुसरी शेळीच्या दुधवाल्याचा नंबर टाकते, तिसरा म्हणतो टाकीत कापूर टाका. मग मीच म्हटलं की बोर्डावर एक नीट कागद लावते, कुठे फोन करायचा, कुठला दवाखाना, काय फुकट मिळतं वगैरे. नेटवरून शोधून सात पानं प्रिंट काढली आणि ह्यांना वाचायला दिली तर हे हसायला लागले, तिसऱ्या पानावर इमर्जन्सीला ९११ फिरवा असं होतं 😅 अमेरिकेचं पान उचललं होतं मी.

तर मला विचारायचंय की आपल्या नाशिकपुरती खरी माहिती कुठे मिळते? आमच्या एरियाचा मनपाचा दवाखाना कुठला तेच मला माहीत नाही, आठ वर्षं झाली राहायला. अजून एक, आमच्याकडे कामाला येणारी पेठकडची आहे, तिचा मुलगा चौदा महिन्यांचा. त्याचे दोन वेळचे डोस इथे मनपाच्या दवाखान्यात झाले, मग ती गावाला गेली आणि पावसात घर गळून लसीचं कार्डच भिजून गेलं. आता ती जायला घाबरते, म्हणते सिस्टर ओरडतील. तिला कुठे पाठवू?

निवृत्त_सिस्टर

ताई, ओरडू दे ओरडली तर, पाठवा. मी एएनएम (उपकेंद्रातली सरकारी नर्स) होते, एकतीस वर्षं केली, त्यातली अकरा सुरगाण्याकडे उपकेंद्रात, मी पण खूप ओरडलेय बायकांवर आणि नंतर वाईट वाटून चहा पण पाजलाय.

आधी बाळाचं सांगते. कार्ड गेलं म्हणजे सगळं गेलं असं नसतं. कार्डाचा अर्धा भाग म्हणजे काउंटरफॉइल सिस्टरकडे राहतो आणि रजिस्टरला नोंद असते, शिवाय आता यू-विनवर (लसीकरणाची सरकारी ऑनलाइन नोंद) आईच्या मोबाईल नंबरवरून पण सापडतं. जिथे डोस घेतले तिथेच आधी जायला सांगा, आईचं नाव, बाळाची जन्मतारीख आणि तेव्हा जो मोबाईल नंबर दिला होता तो, एवढं पुरतं. आणि पहिल्यापासून परत सुरू करायचं नसतं, घेतलेला डोस वाया जात नाही, राहिले तिथून पुढे चालू. दीड आणि अडीच महिन्याचं झालंय म्हणजे साडेतीन महिन्याचं पेंटा (पाच आजारांची एकत्र लस) आणि पोलिओ राहिलं, आणि नऊ महिन्याचा गोवर-रुबेला राहिला, तो तर लगेच द्या. पाच वर्षांपर्यंत देता येतो पण थांबू नका, गोवर वाईट आजार आहे, मी आश्रमशाळेत बघितलाय. दीड वर्षाला परत बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा. सोबत व्हिटॅमिन ए पाजतात.

लसीकरणाचा वार ठरलेला असतो तो विचारून जा. लोकांना वाटतं की सिस्टर टाळतेय, "बुधवारी या" म्हणाली. अहो बीसीजी आणि गोवर-रुबेलाची बाटली एकदा फोडली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकायची. एका बाळासाठी कोण फोडणार, म्हणून सगळी बाळं एका दिवशी बोलावतात.

आणि पेठची आहे म्हणालात ना, तर आई आणि बाळ दोघांची सिकलसेलची (आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार) तपासणी झालीये का विचारा. आपल्याकडे पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबक या पट्ट्यात आढळतो तो. साधी रक्ताची चाचणी आहे, सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते. बाई नेहमी सांधे दुखतात, दमते म्हणत असेल तर नक्की करा, आपण नुसत्या "रक्त कमी आहे" म्हणून लोहाच्या गोळ्या देत बसतो.

तुमच्या एरियाचा दवाखाना शोधायचा सोपा मार्ग म्हणजे आशा ताई, वस्तीत फिरणारी आरोग्य सेविका. सोसायटीत येत नसेल कदाचित, वॉचमन आत सोडत नाहीत (हे माझं जुनं दुखणं आहे). शेजारच्या अंगणवाडीत जा आणि विचारा की इथली आशा कोण. नाव नंबर मिळाला की अर्धं काम झालं, तोच नंबर बोर्डावर सगळ्यात वर लावा.

मेनरोड_कट्टा

सिस्टर सगळं बरोबर पण सरकारी दवाखान्यात एकदा रांगेत उभं राहून बघा मग लिहा. केसपेपरची रांग वेगळी, डॉक्टरची वेगळी, औषधाची वेगळी आणि लॅबला म्हणतात उद्या या. आणि पपईला नावं ठेवू नका, माझ्या मेव्हण्याच्या प्लेटलेट्स ३८ हजार होत्या, दोन दिवस रस दिला, लाखाच्या वर गेल्या. हे डोळ्यांनी बघितलंय. बोर्डावरचा कागद कोणी वाचत नाही ताई, आमच्याकडे तर लिफ्टमधल्या सूचनेवर पोरांनी मिशा काढल्यात.

निवृत्त_सिस्टर

भाऊ, रांगेचं खरं आहे, त्याला मी नाही म्हणत नाही. पण केसपेपरला पैसे लागतात म्हणून जे जात नाहीत त्यांच्यासाठी सांगते, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या, औषधं सगळं मोफत केलंय. मनपाचे दवाखाने महापालिकेचे, त्यांचा कारभार वेगळा.

मेव्हण्याचं म्हणाल तर किती दिवस झाले होते तापाला? डेंग्यूत प्लेटलेट्स पाच सहा दिवस उतरतात आणि मग सात आठ दिवसांनी आपोआप चढतात. त्या वेळी तुम्ही रस दिला, कोणी किवी दिलं, कोणी नारायण नागबळी घातला, ज्याने जे केलं त्याला श्रेय. रसाने उलट्या होतात आणि मग समजत नाही की उलटी आजाराची आहे का रसाची, आणि डेंग्यूत सारखी उलटी होणं हे धोक्याचं लक्षण आहे, म्हणून मी चिडते. शेळीचं दूध कच्चं तर अजिबात नको, त्यातून दुसराच ताप येतो, ब्रुसेलोसिस नावाचा.

ताई, बोर्डावर हे लिहा. ताप उतरला म्हणजे सुटलो असं नाही, ताप उतरल्यानंतरचा एक दोन दिवसच जपायचा असतो. पोटात जोरात दुखतंय, उलटी थांबत नाही, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, मूल मलूल पडलंय, लघवी कमी झालीये, यातलं एक जरी दिसलं तरी रात्रीचे दोन वाजले तरी हॉस्पिटल. तापाला फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीची गोळी म्हणून मेडिकलवाला आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक देतो ती नको, अ‍ॅस्पिरिन नको, रक्तस्राव वाढतो. आणि रिपोर्टचं एक, एनएसवन ही टेस्ट पहिल्या पाच दिवसांत कामाची, नंतर आयजीएम. सातव्या दिवशी एनएसवन निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं धरून बसू नका.

जेलरोड_बाबा

मी कुत्र्याचं लिहितो कारण हे कोणाच्याच कागदावर नसतं. मागच्या मे मधे पोराला गल्लीतलं कुत्रं चावलं, पोटरीला, दोन दात चांगले रुतले रक्त आलं. आईने लगेच हळद आणि तिखट काढलं. बायको म्हणाली थांबा, आणि तिने त्याला बाथरूममधे नेऊन नळाखाली पाय धरला, कपड्याचा साबण लावून पंधरा मिनिटं, मोबाईलला टायमर लावला होता, पोरगं बोंबलतंय, आई बाहेरून "अगं जखम भिजवतेय काय" आणि मी मधे उभा बावळटासारखा. नंतर डॉक्टर म्हणाले निम्मं काम तिथेच झालं. जखम बांधू पण नका, टाके पण शक्यतो लगेच घालत नाहीत.

पुढची कथा अशी की पहिल्या दवाखान्यात (नाव घेत नाही) लस दिली पण सिरम नाही म्हणाले. हे लक्षात ठेवा, रक्त आलं असेल तर नुसती लस पुरत नाही, जखमेत सिरम टोचावं लागतं. लसीचा असर यायला दिवस लागतात तोपर्यंत सिरम सांभाळतं. आम्हाला शेवटी सिव्हिलला मिळालं, त्र्यंबक रोडचं, फुकटात. नंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी लस, दंडात. पोटात चौदा इंजेक्शनं हे केव्हाच बंद झालंय तरी लोक त्याच भीतीने जात नाहीत. आणि शेवटचा डोस चुकवू नका, आमचं अठ्ठाविसाव्या दिवशी लग्न होतं घरात, तरी नेलं.

नंबर म्हणाल तर १०८ अपघात आणि इमर्जन्सीची अ‍ॅम्ब्युलन्स, १०२ गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी, दोन्ही फुकट. १०८ ला फोन केला की पत्ता विचारतात तेव्हा फ्लॅट नंबर सांगत बसू नका, ठळक खूण सांगा आणि एकाला गेटवर उभं करा. आमच्या इथे गाडी दोनदा गेटवरून पुढे गेली.

सातपूर_जावई

माझं थोडं वेगळं. सासऱ्यांना हार्टचा त्रास झाला तेव्हा एका खासगी हॉस्पिटलमधे नेलं, काउंटरवरचा म्हणाला योजनेत सध्या होत नाही, दीड लाख भरा. आम्ही पैसे गोळा करायला लागलो. तेवढ्यात पार्किंगमधे एका रिक्षावाल्याने विचारलं की आरोग्यमित्राला भेटलात का. मी म्हटलं तो कोण. तर महात्मा फुले जनआरोग्य योजना ज्या हॉस्पिटलला लागू आहे तिथे योजनेचा माणूस बसतो, त्याला आरोग्यमित्र म्हणतात. आमच्या इथे टेबल जिन्याखाली होतं, समोर खोक्यांचा ढीग, दिसणारच नाही. तो भेटला, रेशनकार्ड आणि आधार घेतलं, मंजुरी आली, अँजिओप्लास्टी झाली, एक रुपया लागला नाही.

लोकांना वाटतं योजना फक्त पिवळ्या केशरी कार्डाला आहे. आधी तसंच होतं, पण २०२४ पासून पांढऱ्या कार्डालाही लागू झालीये, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. आणि वय सत्तर किंवा वर असेल तर उत्पन्न न बघता आयुष्मानचं वेगळं कार्ड निघतं, आधारवरून. सगळे आजार नाहीत यात, ठरलेली यादी आहे, साधा ताप आणि सलाईन यात बसत नाही. हॉस्पिटल यादीत आहे का हे अ‍ॅडमिट व्हायच्या आधी १५५३८८ वर विचारा. इमर्जन्सी असेल तर फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागून. पण पैसे भरून पावती घेतलीत की मग परत मिळवताना चपला झिजतात, म्हणून आधी आरोग्यमित्र, मग काउंटर. ताई तुमच्या कागदावर एवढं एकच वाक्य माझ्याकडून टाका.

गंगापूररोड_मावशी

१४४१६ पण लिहा. टेलिमानस म्हणून आहे, मानसिक त्रासासाठी, चोवीस तास आणि मराठीत बोलतात. आमच्या विंगमधल्या नीटवाल्या मुलीने रात्री केला होता, तिच्या आईला आठवड्याने समजलं. कागद लिफ्टच्या आत लावा ताई, बोर्डासमोर चारचौघांत उभं राहून हा नंबर कोणी उतरवून घेत नाही.

आणि एक गंमत, आपल्या म्हसरूळला १९९८ पासून अख्ख्या महाराष्ट्राचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे आणि आपण औषध विचारतो दुधवाल्याला.

पाथर्डीफाटा_वहिनी

सगळ्यांना खूप खूप थँक्यू. शनिवारी ह्यांना सुट्टी असते, मग दोघं गेलो. अंगणवाडीतून आशा ताईंचा नंबर मिळाला आणि कळलं की मनपाचा दवाखाना आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे, मी रोज भाजी घेते त्याच्या मागच्या गल्लीत 🙈 भिंतीवर लसीचा तक्ता, वार, डॉक्टरांची वेळ सगळं रंगवलेलं आहे, फोटो काढला. जे मी नेटवर तीन रात्री शोधत होते ते ऑइलपेंटने लिहिलेलं होतं.

बाळाची नोंद सापडली, आईच्या जुन्या मोबाईल नंबरवर. सिस्टर ओरडल्या, पण कार्ड भिजलं म्हणून नाही, नवा नंबर दिला नाही म्हणून. गोवर-रुबेला आणि पेंटा झालं. सिकलसेलसाठी रक्त घेतलं दोघांचं, रिपोर्ट यायचाय.

बी विंगच्या केसचं सांगितल्यावर मनपाच्या मलेरिया विभागाची माणसं आली. मला वाटलं धूर मारून जातील, पण त्यांनी टॉर्च काढला आणि घरोघरी आत आले. ड्रम, कुंड्या ठीक होत्या. आणि मग एकाने आमचा फ्रिज पुढे ओढला, मागचा ट्रे काढला ज्यात पाणी साठतं, आणि मला दाखवला. त्यात बारीक बारीक वळवळत होतं. माझ्याच घरात हो, कमिटीवालीच्या!! अंड्यापासून डास व्हायला आठवडा दहा दिवस लागतात म्हणे, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करून घासायचं, नुसतं ओतून चालत नाही कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. धुराने उडणारे डास मरतात, ट्रेमधले तसेच राहतात.

कागद लिफ्टमधे लावलाय, एकच पान. आता कोरडा दिवस, म्हणजे सगळं साठलेलं पाणी रिकामं करायचा वार, कुठला ठेवायचा यावरून ग्रुपवर भांडण सुरू आहे, मी शनिवार म्हणतेय, ए विंगवाले म्हणतात शनिवारी मारुतीला जायचं असतं.

मेनरोड_कट्टा

मी पण घरी जाऊन फ्रिज ओढला. काही बोलत नाही.