नगररचनाकाराने वस्तीची बाजू घ्यावी का? घ्यायची तर कशी?

केतकी:
नगररचना विभागात नवीन आहे. सध्या पूरनियंत्रणाचा आराखडा हाताशी आहे. पूरभिंतीची उंची, पंपांच्या जागा, सगळं ठरत आलंय. पण नाल्याच्या वळणावरची सखल वस्ती आमच्या नकाशावर नुसती पांढरी आहे. घरांना मालकीचे कागद नाहीत म्हणून नुकसानीच्या हिशेबात ती धरलेली नाहीत, आणि हिशेबात नाहीत म्हणून भिंत त्यांच्या अलीकडेच संपते. वरिष्ठ म्हणतात, "आपण तांत्रिक माणसं, बाजू घेणं आपलं काम नाही." मला हे पटत नाही, पण समोर बसून उत्तरही देता येत नाही. नोकरीत राहून या लोकांची बाजू कशी मांडू?

वसुधा:
केतकी, भिंत कुठे थांबवायची हे ठरलं तेव्हाच बाजू घेतली गेली. नुकसान म्हणजे फक्त मालमत्तेची किंमत असं धरलं की महागडं घर वाचवणं कायम फायद्याचं दिसतं आणि स्वस्त घर वाचवणं कायम तोट्याचं. यात तांत्रिक काय आहे? तो एक निवडलेला निकष आहे, आणि निकष बदलता येतो. किती माणसं पाण्यात जातील, किती दिवसांचा रोजगार बुडेल, पुन्हा उभं राहायला कोणाकडे काय आहे, हेही मोजता येतं.

अमेरिकन नियोजनकार पॉल डेव्हिडॉफ यांनी 1965 मध्येच मांडलं होतं की नियोजनाचा कुठलाच निर्णय मूल्यनिरपेक्ष नसतो आणि नियोजनकाराने वकिलासारखी बाजू मांडावी. पण तुला खरा उपयोग होईल तो नॉर्मन क्रुमहोल्झ यांच्या कामाचा. 1969 ते 1979 ते अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे नियोजनप्रमुख होते. तीन महापौर बदलले, त्यांचे पक्षही वेगळे, तरी हे टिकले. 1975 च्या अहवालात त्यांच्या विभागाने ध्येयच लिहून टाकलं: ज्यांच्यापुढे पर्याय कमी, त्यांना जास्त पर्याय मिळवून द्यायचे. शहराची बससेवा प्रादेशिक संस्थेकडे द्यायची वेळ आली, तेव्हा बाकीच्यांचं लक्ष नव्या रेल्वेमार्गांकडे होतं. यांनी आकडा पुढे ठेवला की शहरातल्या सुमारे एक तृतीयांश कुटुंबांकडे मोटारच नाही. त्यावर चिकाटीने वाटाघाटी करून भाडेकपात आणि वृद्ध-अपंगांसाठी सवलती पदरात पाडून घेतल्या. भाषणं न करता, बैठकीला सगळ्यांत जास्त तयारी करून जाऊन.

मी नोकरीत होते तेव्हा प्रत्येक टिपणीला एक तक्ता जोडायचे. डावीकडे वस्त्यांची नावं, पुढे दोनच रकाने: हिला काय मिळतं, हिच्यावर काय पडतं. कोणी मागितलेला नसायचा. पण एकदा फाइलला लागला की तो काढायचा तर कोणाला तरी सही करून काढावा लागतो.

सुहास:
मी जलनिस्सारणाचा इंजिनियर. एक तांत्रिक मुद्दा जोडतो, तो वरिष्ठांसमोर चालेल. भिंत पाणी नाहीसं करत नाही. एका बाजूला पसरायची जागा बंद केली की पुराची पातळी समोरच्या काठावर किंवा वरच्या अंगाला वाढू शकते. तेव्हा भिंतीसह आणि भिंतीविना असे दोन्ही पूरनकाशे मागा, आणि त्यात ती पांढरी वस्ती दाखवायला लावा. तिथली पातळी वाढत असेल, तर तुमची योजना त्या लोकांना वगळतेय एवढंच नाही, त्यांना बुडवतेय. हे लेखी आलं की त्यावर गप्प बसणं अवघड जातं.

नितीन:
पण वस्ती मुळात धोक्याच्याच जागी आहे ना? तिथून हलवणं जास्त सुरक्षित नाही का?

वसुधा:
काही ठिकाणी असेलही. पण ते कोण ठरवतं आणि कसं, यावर सगळं अवलंबून. कटरीना चक्रीवादळाच्या पुरानंतर, जानेवारी 2006 मध्ये, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्स शहराच्या वर्तमानपत्रात प्रस्तावित आराखड्याचा नकाशा छापून आला. काही वस्त्यांवर हिरवे ठिपके होते, म्हणजे पुढे तिथे उद्यानं होऊ शकतात. घरं गमावून लांब विखुरलेल्या लोकांना आपल्या गल्लीवरचा ठिपका पेपरात दिसला! प्रचंड संताप झाला, योजना मागे पडली. ठिपक्याखालच्या ब्रॉडमूरच्या रहिवाशांनी स्वतः आराखडा केला आणि वस्ती पुन्हा उभी केली.

शिवाय वस्ती हलवताना शेजारही मोडतो, आणि संकटात माणूस शेजारावर जगतो. 1995 च्या जुलैमध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेने नेहमीपेक्षा सुमारे 739 मृत्यू जास्त झाले. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल हे लागून असलेले भाग, दोन्हीकडे एकटे राहणारे गरीब वृद्ध होते. पहिल्यात लाखामागे 40 मृत्यू, दुसऱ्यात 4. दुसऱ्या भागात रस्ते गजबजलेले, दुकानं चालू, म्हातारी माणसं घराबाहेर पडत होती. पहिला भाग ओस पडलेला. पुनर्वसनाच्या हिशेबात हे कोण धरतं?

रेश्मा:
मी वस्त्यांमध्ये काम करते. केतकीताई, हरकती मागवायच्या आधी जा. प्रारूप छापून झाल्यावरची सुनावणी म्हणजे लोकांनी फक्त ऐकायचं. कामाच्या वेळेत तर ठेवूच नका, मजुरी बुडवून कोण येणार? मोठा नकाशा जमिनीवर अंथरा आणि बायकांना पाणी कुठून येतं ते दाखवायला सांगा. आमच्याकडे एका आजींनी नाल्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. मागच्या गल्लीतल्या गटाराच्या झाकणावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हे आधी उसळतं."

सुहास:
रेश्माताई, हे फार महत्त्वाचं. नाला भरला की पाणी गटारातून उलटं येतं. तिथे नुसती भिंत वाढवून दिली तर आत आलेलं पाणी आतच कोंडेल. गटार नाल्याला मिळतं तिथे उलटं पाणी अडवणारी झडप हवी, आणि झडप बंद असताना आतलं पाणी उपसायला पंप. केतकी, वस्तीसाठी भिंत मागताना हे दोन्ही त्याच मागणीत घाला.

केतकी:
दोन्ही पूरनकाशांची मागणी उद्याच लेखी देते. तक्त्यात वस्तीचं नाव कुठलं लिहू? आमच्या नोंदीत तिला नावच नाही, फक्त नाल्याची साखळी, म्हणजे नाल्याच्या कडेने मोजलेलं अंतर, दिली आहे.

वसुधा:
तिथले लोक म्हणतात ते लिही. आणि घरांची संख्या त्यांच्याबरोबर फिरून मोज, म्हणजे उद्या कोणी आकड्यावर शंका घेतली तर तुझ्याबरोबर उभं राहायला तेही असतील.