ऑल-इन-वन घ्यावा का? उद्यापर्यंत सांगा, मदत हवी आहे

वसमतचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. २४ इंची ऑल-इन-वन (स्क्रीनमध्येच अख्खा संगणक असतो तो) घ्यायचाय. दुकानदार म्हणतो वायरींचा गुंता नाही, जागा वाचते, पेटीतून काढला की चालू. भाऊजी म्हणतात अजिबात घेऊ नको, पण का ते नीट सांगत नाहीत. उद्या सकाळच्या गाडीनं नांदेडला जायलोय, सारख्या चकरा मारणं जमत नाही. ज्यांनी स्वतः वापरलाय त्यांनीच सांगा.

गोदाकाठ:
कशासाठी पाहिजे? बजेट किती? घरी का दुकानात? याच्याशिवाय काय सांगावं भाऊ.

वसमतचा_पोरगा:
ऑनलाइन सेंटर आहे की माझं. पीकविमा, सातबारा, महाडीबीटीचे फॉर्म. बजेट ४५ हजार. घ्यावा का नाही तेवढं सांगा.

रिपेरिंगवाला_जालना:
घेऊ नका. रोज हेच खोलायलो म्हणून सांगतो. ऑल-इन-वन म्हणजे बहुतेक वेळा मोठ्या स्क्रीनमागं बसवलेला लॅपटॉप. रॅम लॅपटॉपची, काहींत तर बोर्डावरच सोल्डर केलेली, पंखा बारका. साध्या पीसीचा एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) गेला तर बाजारात जाऊन दुसरा आणता अन् संध्याकाळी दुकान चालू. याचा बोर्ड गेला तर कंपनीकडूनच मागवावा लागतो, तोवर स्क्रीन चांगली असूनबी तुम्ही बसून. अन् लोकांना वाटतं पुढं मॉनिटर म्हणून तरी वापरू. मागं एचडीएमआय (स्क्रीन जोडायचं सॉकेट) असतं पण बऱ्याच मॉडेलात ते फक्त आउट असतं, म्हणजे चित्र बाहेर पाठवतं, बाहेरचं घेणारं इन नसतं. दुकानात हे आधी विचारा.

लातूरची_ताई:
मी तीन वर्षं झाली वापरायले, काही झालं नाही. आमच्याकडं रब्बीत मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पार खाली जातं, जुना पीसी तर दिवसातून चारदा बंद पडायचा. याला लॅपटॉपसारखा अॅडॉप्टर आहे, त्याच्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय, तो कमी व्होल्टेजवरबी चालतो. वीजबी कमी खातो म्हणून छोट्या यूपीएसवर लाइट गेल्यावर अर्धवट फॉर्म पूर्ण करून सबमिट करता येतो. विम्याच्या शेवटच्या तारखेला रांग लागलेली असताना याची किंमत कळते. सगळेच खराब नसतात दादा.

रिपेरिंगवाला_जालना:
ताई, तुमचं दुकान स्लॅबचं असेल. पत्र्याखाली मे महिन्यात काय होतं ते मी बघतो. धूळ अन् गरमी, दोन्ही एकदम.

मॅकप्रेमी:
थोडे पैसे साठवून अॅपलचा ऑल-इन-वन, आयमॅकच घ्या. २०२१ चा एम-१ चिपवाला माझ्याकडे आहे, अजून नव्यासारखा चालतो, स्क्रीनला तोड नाही.

गोदाकाठ:
त्यांचं बजेट ४५ आहे हो. आणि माझ्याकडच्या अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (ती आधारशी जोडणारं सॉफ्टवेअर) मॅकवर चालतच नाही. सेंटरला तो काय कामाचा?

बीड_४३११:
व्होल्टेजचं निघालंच आहे तर आधी अर्थिंग बघा. मीटरजवळ खड्डा करून कोळसा, मीठ भरून घ्या, उन्हाळ्यात पाणी टाकत राहा. आमच्याकडं प्रिंटरला हात लावला की झटका बसायचा, ते थांबलं. कोणताबी पीसी घ्या, अर्थिंग नसेल तर धोका राहणारच.

वसमतचा_पोरगा:
अर्थिंग आहे. दुकान पत्र्याचंच आहे. काउंटर अडीच फूट, त्यात प्रिंटर अन् अंगठ्याची मशीन, म्हणून तर ऑल-इन-वन पाहिजे ना. एकजण सेकंडहँड देतो म्हणालाय, सातव्या जनरेशनचा, तो बघू का?

गोदाकाठ:
नको. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर लागतो. लोकांचे आधार अन् बँक पासबुक हाताळता, जुन्या विंडोजवर करू नका. बरं, आत्तापर्यंत काम कशावर करत होता?

वसमतचा_पोरगा:
साधा पीसी होता. मदरबोर्ड उडाला. मॉनिटर चांगला आहे, २२ इंची, घरी कपाटावर ठेवलाय.

रिपेरिंगवाला_जालना:
अहो हे पहिल्यांदा सांगायचं होतं!! मॉनिटर आहे तर मिनी पीसी घ्या. वहीएवढा डबा, मॉनिटरच्या मागं चार स्क्रूंनी बसतो, काउंटरवर जागाच लागत नाही. अॅडॉप्टरवर चालतो, म्हणजे ताई म्हणतात तो फायदाबी मिळाला. बिघडला तर एकटा डबा घेऊन या. उरलेल्या पैशात चांगला यूपीएस घ्या.

लातूरची_ताई:
मॉनिटर असेल तर हे मलाबी पटलं. पण मागं स्क्रूची चार भोकं आहेत का बघा, सगळ्यांना नसतात.

वसमतचा_पोरगा:
भोकं आहेत, आत्ताच बघितली. वायर निळ्या प्लगची आहे, दोन्हीकडनं स्क्रू. चालंल का?

गोदाकाठ:
ते व्हीजीए. मिनी पीसीला बहुतेक एचडीएमआय असतं, मग एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर घ्या, उलटा (व्हीजीए टू एचडीएमआय) घेऊ नका, तो चालणार नाही. मॉनिटरलाच एचडीएमआय असेल तर उत्तम.

नांदेडी:
मराठी टायपिंग कशात करता? कृतिदेव (जुना फॉन्ट) का युनिकोड?

वसमतचा_पोरगा:
युनिकोड. एचडीएमआय नाहीये. मॉनिटर पोत्यात गुंडाळून सोबतच घेऊन जायलो, दुकानात लावूनच पैसे देतो.

रिपेरिंगवाला_जालना:
बरोबर. मॉनिटरची पॉवर केबल अन् अंगठ्याची मशीनबी घ्या, तिथंच चालवून बघा.